चष्मेवाल्यांची बिनमाणसाची होडी

तळ्यावर फेस दिसला की तो कोणाचा, यावर सोसायटीत कधी चर्चा होत नसे. चर्चा होते ती उत्तर ठाऊक नसलेल्या गोष्टींवर. इथे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. फेस म्हटला की साबण आला, साबण म्हटला की कपडे आले, आणि तळ्याकाठी कपडे धुण्याचा धंदा करणारी लॉन्ड्री एकच होती. ती चष्मेवाल्यांच्या ताईची.

चष्मेवाले चौथ्या मजल्यावर राहत. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यामुळे त्यांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये कोणाला आठवत नसे. स्वभावाने गृहस्थ इतका गरीब, की डोळे तपासताना गिऱ्हाईक चुकीचं अक्षर वाचायला लागलं तरी "असेलही" म्हणायचा. अशा माणसाने सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोलावं, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या तर नव्हतंच नव्हतं.

मीटिंग पार्किंगमध्ये होती. सेक्रेटरींनी घसा साफ करून जाहीर केलं, की सोसायटीच्या तक्रारीची तळे-विभागाच्या ऑफिसने दखल घेतलेली आहे आणि लॉन्ड्रीला नोटीस गेलेली आहे. साहेब स्वतः पाहणीला येणार. फेस आपला नाही हे मालकिणीने तेव्हा दाखवून द्यायचं, नाहीतर लॉन्ड्रीला कुलूप. टाळ्या पडल्या. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या की आपणही वाजवायच्या, ही चष्मेवाल्यांची वर्षानुवर्षांची सवय. त्यांनीही वाजवल्या. वाजवता वाजवता त्यांच्या लक्षात आलं की आपण सख्ख्या बहिणीच्या धंद्याला कुलूप लागण्यावर टाळ्या वाजवतो आहोत, आणि शेजारी बसलेल्या बायकोचं तर ते आधीच लक्षात आलं होतं. ती त्यांच्या हातांकडे अशी काही बघत होती की ते हात लपवण्यासाठीच ते उठून उभे राहिले.

उभं राहिल्यावर काहीतरी बोलणं भाग होतं.

"पुरावा काय?" ते म्हणाले.

"पुरावा तळ्यावर तरंगतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"तो लॉन्ड्रीचा कशावरून? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. मी शोधून काढतो फेस कोणाचा ते. शास्त्रीय पद्धतीने."

शास्त्रीय हा शब्द त्यांच्या तोंडून कसा निघाला, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण निघाला खरा, आणि पार्किंगमधल्या सगळ्यांनी ऐकला.

ताईने मात्र हे ऐकून कपाळाला हात लावला. तिची लॉन्ड्री तळ्याच्या पलीकडच्या काठावर होती. पत्र्याची लांबलचक शेड, आत घरघरणारी मोठी यंत्रं, आणि इस्त्रीच्या टेबलांशी उभ्या बायका. नवरा गेल्यावर एका बादलीवर सुरू केलेला तो धंदा. आता गावातल्या हॉटेलांच्या चादरी तिच्याकडे येत आणि इस्त्रीवरच्या बायकांची घरं तिच्यावर चालत. लॉन्ड्रीचं सांडपाणी टाकीत निवळून गावाच्या मोठ्या गटाराला जायचं, तळ्याच्या अगदी उलट दिशेला. आल्यागेल्याला लोक लग्नाचा अल्बम दाखवतात तसा ती तो पाइप दाखवायची. लोक पाहायचे, मान डोलवायचे आणि घरी जाऊन म्हणायचे, फेस लॉन्ड्रीचाच.

"तू काही करू नकोस," ताई म्हणाली. "तू काही केलंस की मला ते निस्तरावं लागतं. लहानपणापासूनचा अनुभव आहे."

"ताई, या वेळी शास्त्र आहे."

"म्हणजे निस्तरायला जास्त वेळ लागणार."

पण धनुष्यातून बाण सुटला होता. चष्मेवाल्यांनी आधी भाड्याची होडी घेऊन ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांत भरायचा प्रयत्न केला. पाण्यावर होडी हलते, ही गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नव्हती. बाटल्या एकमेकींत मिसळल्या आणि डोळ्यांवरचा चष्मा तळ्यात गेला. चष्मेवाल्यानेच चष्मा बुडवावा यावर बाजारात बरेच दिवस विनोद झाले आणि त्यातले काही चांगलेही होते.

नवा चष्मा घालून ते दुकानात बसले असताना एक बाई काडी मोडलेला चष्मा घेऊन आल्या. काडी कशी मोडली, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "होडीच्या शिडाने मारलं." त्या संशोधक होत्या. तळ्यांत आणि खाड्यांत आपोआप फिरणाऱ्या, वाऱ्यावर चालणाऱ्या होड्या बनवायच्या आणि त्यांच्याकडून पाणी तपासून घ्यायचं, हे त्यांचं काम. होडीत माणूस नसतो. कुठे कुठे जायचं ते आधी सांगून ठेवायचं. मग एक छोटं यंत्र वाऱ्याची दिशा बघतं, सुकाणू वळवतं, शीड ओढतं आणि सैल सोडतं. इंधन लागत नाही, आवाज होत नाही, आणि आराखडे कोणालाही फुकट.

"पण पाणी तपासायची यंत्रं फार महाग असतील," चष्मेवाले म्हणाले.

"नाही हो. पाण्याच्या एका बाजूला दिवा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला किती उजेड पोचतो ते मोजायचं, की गढूळपणा कळला. स्टीलचे दोन स्क्रू पाण्यात धरून वीज किती वाहते ते बघायचं, की साबण-क्षार किती विरघळलेत ते कळलं. आकडा चढला म्हणजे पाण्यात काहीतरी मिसळलंय. तुम्ही तर काचेतून उजेड सोडणारी माणसं, तुम्हाला सहज जमेल."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना 'तुम्हाला सहज जमेल' म्हणालं होतं. चष्मेवाल्यांनी काडी बसवून दिली, आराखडा घेतला आणि दुकान जरा लवकरच बंद केलं.

होडी दिवाणखान्यात आकाराला येऊ लागली. आकार म्हणजे साधारण एखाद्या मोठ्या पाटाएवढा. त्यावर डोलकाठी उभी केल्यावर पंखा लावता येईना, तेव्हा घरातली माणसं गॅलरीत बसायला लागली. यंत्राला पाणी लागू नये म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा होता. घट्ट झाकणाचा डबा घरात एकच होता आणि त्यात बायको चहा-साखर ठेवायची. तो कुठे गेला, हे तिने विचारलं नाही. चहाची पूड तेवढी तिने कागदाच्या पुडीत घालून नवऱ्याच्या उशीवर ठेवली, आणि त्यांना समजायचं ते समजलं.

होडी उलटू नये म्हणून तळाखाली वजन लागतं. त्यासाठी ताईकडची कोळशाची जुनी इस्त्री आणली. शिडाला एका हॉटेलची फाटकी चादर आणली. तिच्या कोपऱ्यावर हॉटेलचं नाव विणलेलं होतं, ते नेमकं शिडाच्या टोकाला आलं.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरल्यावर सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. त्यात अग्रभागी कप्तान. हे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. एके काळी फेरीबोटीच्या तिकीट-खिडकीत बसायचे, एवढ्या पुण्याईवर कप्तान झालेले. ते रोज येत, होडीभोवती प्रदक्षिणा घालत आणि म्हणत, "शीड मोठं झालंय." दुसऱ्या दिवशी म्हणत, "शीड लहान पडणार." चष्मेवाले दोन्ही वेळा मान डोलवत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंटाची तरी माहिती असते. कप्तानांना पोहताही येत नव्हतं.

चाचणी कुठे घ्यायची, हा पुढचा प्रश्न होता. न्हाणीघरातल्या टबात होडी मावेना. तळ्यावर सगळ्यांदेखत पहिली फजिती नको. म्हणून दुपारी सगळे वामकुक्षी घेत असताना चष्मेवाल्यांनी होडी गच्चीवर नेली आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत सोडली. ती सुरेख तरंगली. चष्मेवाले टाकीच्या तोंडाशी पालथे पडून, हातातल्या फायलीने शिडाला वारा घालत होते. तेवढ्यात मागून सेक्रेटरींचा आवाज आला.

"चष्मेवाले, हे आपण पितो ते पाणी आहे."

"हो. स्वच्छ आहे. मी मोजलंय," चष्मेवाले म्हणाले.

"त्यात इस्त्री आहे."

चष्मेवाल्यांनी हात घालून होडी बाहेर काढली. टाकी रिकामी करून, घासून, पुन्हा भरावी लागली. दिवसभर बिल्डिंगचे नळ कोरडे राहिले आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण चष्मेवाल्यांकडे हातातली बादली दाखवून पुढे जाई. कुत्र्याला फिरवणाऱ्या काकूंनी तर कुत्र्यालाही त्यांच्यापासून लांब ओढलं.

मग परवानगी. तळ्यात होडी घालायची तर तळे-विभागाच्या ऑफिसचा परवाना लागतो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज हातात घेतला आणि पहिल्याच रकान्यापाशी घोडं अडलं.

"नावाडी कोण?"

"नावाडी नाही."

"मग होडी चालवतं कोण?"

"वारा."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "वाऱ्याला पोहता येतं असा दाखला आणावा लागेल."

तो विनोद करत नव्हता. चष्मेवाल्यांनी आपोआप चालणं म्हणजे काय ते समजावलं. कारकुनाने सगळं शांतपणे ऐकलं आणि नियम काढला. होडी आहे तर नावाडी हवा. नावाडी नसेल तर ती होडी बेवारस, आणि बेवारस होडी दिसली की जप्त करणं हे ऑफिसचं कर्तव्य. एकूण आज परवाना दिला तर उद्या तीच होडी जप्त करण्याचं काम ऑफिसवर येऊन पडणार, आणि ऑफिसात माणसं आधीच कमी. असं करत करत दोघंही दमले. शेवटी कारकुनालाच दया आली. त्याने अख्खं नियमांचं पुस्तक चाळलं आणि 'तरंगत्या शोभेच्या वस्तू' असं एक कलम शोधून काढलं. ते कारंज्यांसाठी होतं.

"कारंजं म्हणून चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल," चष्मेवाले म्हणाले. एव्हाना त्यांना काहीही चालत होतं.

"पण सुरक्षा-जॅकेट लागेल. कलम कुठलंही असो, पाण्यावर जॅकेट लागतंच."

माणूसच नाही तर जॅकेट कोणाला, हा वाद त्यांनी घातला नाही. त्यांनी लहान मुलाचं नारिंगी जॅकेट आणून होडीलाच घातलं. थंडी वाजणाऱ्या बाळासारखी ती दिसू लागली आणि त्या जॅकेटमुळे थोडी तिरकीही चालू लागली. कप्तान म्हणाले, "हे मी आधीच सांगणार होतो."

असं सगळं असूनही होडी चालली. हे सांगितलंच पाहिजे, कारण तोवर तिच्यावर चष्मेवाल्यांचाही फारसा विश्वास नव्हता. तळ्यात सोडल्यावर ती क्षणभर थबकली, शीड फडफडलं, सुकाणू आपलं आपण वळलं आणि कोणीही न ढकलता ती पाणी कापत निघाली. चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि आजूबाजूला कोणी पाहिलं नाही ना, याची खात्री करून घेतली. त्यानंतर रोज सकाळी ते होडी सोडत आणि तिच्या शेपटाला बांधलेल्या लांब दोरीने ओढून परत आणत. मोबाईलवर आकडे येत. लॉन्ड्रीचा काठ साफ. मध्यभाग साफ. बागेकडची बाजू साफ. फक्त सोसायटीच्या पायथ्याशी, बांधाच्या भिंतीजवळ जी लव्हाळ्यांची दाटी होती तिथे ते होडी नेत नसत. पाणी उथळ, इस्त्री रुतायची भीती. शिवाय तिथे फेस असतो तो वाऱ्याने वाहत येऊन साठलेला, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊकच होतं.

आकडे घेऊन ते सेक्रेटरींकडे गेले.

"होडी कोणाची?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझी."

"लॉन्ड्री कोणाची?"

"ताईची."

"म्हणजे साक्षीदार भाऊ, वकील भाऊ, आणि आता यंत्रही भाऊच. आणि समजा, लॉन्ड्रीचा नाही. मग फेस आहे कोणाचा?"

चष्मेवाल्यांनी मोबाईल खिशात टाकला. जिना चढताना त्यांना पहिल्यांदाच खरी भीती वाटली. आपण हरलो तर आपली फजिती, ती काय रोजचीच आहे. पण ताईच्या शेडला कुलूप लागेल आणि इस्त्रीवरच्या त्या सगळ्या बायका घरी बसतील. साफ पाण्याचे आकडे दाखवून कुलूप टळणार नव्हतं. फेसाचा धनी सापडायला हवा होता आणि तो सापडत नव्हता.

पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांनी संशोधक बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "मी येते. आणि हे बघा, उद्या दोरीने ओढू नका, साहेबांपुढे बरं दिसत नाही. होडीला आपली आपण परत यायला शिकवा." कसं ते त्यांनी सांगितलं. चष्मेवाल्यांनी तसं केलं आणि शांत झोपले.

पाहणीला अख्खी सोसायटी लोटली. बायको तेवढी आली नाही. "कपडे मशीनमध्ये घातलेत," ती म्हणाली, "आणि तुमची फजिती मी घरबसल्याही बघू शकते." लॉन्ड्रीपुढच्या धक्क्यावर छत्री घेऊन साहेब उभे, शेजारी सेक्रेटरी, मागे नियमांचं पुस्तक घेतलेला कारकून आणि कप्तान. ताईने सगळी यंत्रं मुद्दाम चालू ठेवली होती. ती इस्त्रीवरच्या बायकांसह एका बाजूला उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण पदराचं टोक तिने मुठीत घट्ट आवळलं होतं. चष्मेवाल्यांनी ते पाहिलं आणि ते होडी सोडायला खाली वाकले.

होडी सुटली. नारिंगी जॅकेट, शिडावर हॉटेलचं नाव. साहेबांनी विचारलं, "हेच ते कारंजं का?" पण होडी अशी काही झोकात चालली की थोड्याच वेळात लोक हसायचे थांबले. लॉन्ड्रीच्या काठाने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. साहेबांच्या हातातल्या मोबाईलवर आकडे येत होते, ते खालीच राहिले. आत यंत्रं धडधडताहेत आणि बाहेर पाणी साफ, हे साहेबांनी स्वतः पाहिलं. "बरं आहे हो तुमचं," ते म्हणाले. चष्मेवाल्यांची छाती सदऱ्यात मावेना.

"आणि आता," ते गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "होडी आपली आपण इथे, आपल्या पायाशी परत येईल." त्यांनी साहेबांच्या हातातल्या मोबाईलवरचं बटण दाबलं.

होडीने धक्क्याकडे पाठ फिरवली आणि ती तळ्याच्या पलीकडे निघाली.

"इकडे," चष्मेवाले म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले, "अगं, इकडे." होडीशी आपण बोलत आहोत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. होडी तिरकी जाई, वळे, पुन्हा दुसऱ्या बाजूने तिरकी जाई, आणि दर वळणाला धक्क्यापासून आणखी लांब होई. कप्तान म्हणाले, "वाऱ्याविरुद्ध चाललीय. निर्धाराची आहे." सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, यंत्राला एवढंही कळत नाही. याच्या आकड्यांवर आपण विश्वास ठेवणार?" साहेबांनी मोबाईल चष्मेवाल्यांच्या हातात परत दिला. हातातोंडाशी आलेला घास गेला. चष्मेवाले होडीमागे काठाकाठाने पळत सुटले आणि त्यांच्यामागे सगळा लोंढा.

होडी थेट सोसायटीच्या पायथ्याशी आली, लव्हाळ्यांत घुसली आणि बांधाच्या भिंतीवर नाक आपटू लागली. मागे सरकायची, शीड भरून घ्यायची, पुन्हा आपटायची. आत येऊ द्या म्हणून कोणी दार ठोठावावं, तसा तो प्रकार होता.

संशोधक बाई धापा टाकत पोचल्या. "होडीच्या परतीची जागा ठरवताना तुम्ही कुठे होतात? जिथे होडी परत यायला हवी तिथे उभं राहून बटण दाबा, असं मी सांगितलं होतं."

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. "सोफ्यावर," ते म्हणाले. "चहा घेत होतो."

बाईंनी मान वर करून चौथ्या मजल्याकडे पाहिलं. "मग ती तुमच्या दिवाणखान्यात यायचा प्रयत्न करतेय."

हसण्याचा असा गडगडाट झाला की झाडावरचे बगळे उडाले. साहेबही हसले. कारकून हसला. इस्त्रीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चष्मेवाल्यांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण ती आधीच चिखलाची होती आणि त्यांचे बूट तेवढे घेऊन थांबली.

ताई हसली नाही. ती त्यांच्या हातातल्या मोबाईलकडे बघत होती.

"हा आकडा मघाशी एवढा होता का रे?"

चष्मेवाल्यांनी पाहिलं. आकडा कुठल्या कुठे चढला होता. इतके दिवस तळ्यात फिरून त्यांनी त्याच्या अर्धाही आकडा पाहिलेला नव्हता. बुटांची पर्वा न करता ते तसेच लव्हाळ्यांत शिरले आणि दोन्ही हातांनी पाती बाजूला केली. भिंतीत एक पाइप होता. पाइपातून कोमट पाणी येत होतं आणि त्यावर पांढराशुभ्र, सुवासिक, ताजा फेस होता.

"पावसाच्या पाण्याचा पाइप आहे तो," सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले. "गच्चीवरून येतो."

सगळ्यांनी आकाशाकडे पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं.

तेवढ्यात चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून बायकोने खाली वाकून विचारलं, "अहो, तुम्ही चिखलात काय करताय?"

चष्मेवाल्यांच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं, ते एरवी शंभर जन्मांत आलं नसतं. "मशीन चालू आहे का?" ते ओरडले.

"आत्ताच पाणी सोडायला लागलंय."

"बंद कर."

बायकोने काही न विचारता बंद केलं. संसारात हे क्वचितच घडतं. पाइप गळायचा हळूहळू थांबला. आकडा खाली येऊ लागला. साहेब छत्री मिटून पुढे आले.

"आता चालू कर."

पाइप खळखळला, फेस आला, आकडा चढला. "पुन्हा एकदा," साहेब म्हणाले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. शास्त्रात प्रयोग फिरून फिरून करावा लागतो आणि मोठमोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी काय काय वापरतात कोण जाणे. इथे सगळं शास्त्र चष्मेवाल्यांच्या बनियनांवर आणि लेंग्यांवर चाललं होतं आणि गाव ते डोळे ताणून बघत होतं.

मग भानगड उघडी पडायला वेळ लागला नाही. बिल्डिंगच्या दुरुस्तीत कमिटीने सगळ्यांच्या कपडे धुण्याच्या मशीनचे सांडपाण्याचे नळ गटाराला नेण्याऐवजी जवळच्याच पावसाच्या पाइपला जोडले होते. काम झटपट झालं होतं आणि त्याबद्दल सेक्रेटरींचा सत्कारही झाला होता. प्रत्येक घरात मशीन होतं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून म्हणतात; सोसायटीचं ते लव्हाळ्यांनी चांगलं झाकून ठेवलं होतं.

"म्हणजे हा फेस सोसायटीचा," साहेब म्हणाले.

सेक्रेटरी खाली बघत उभे होते. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या चष्मेवाल्यांना एकदम मोकळं वाटलं, इतकं की त्यांना हसू आलं.

"हो साहेब, आमच्या सगळ्यांचा," ते म्हणाले. "आत्ता जो समोर आहे, तो तर खास माझा आहे."

साहेबांनी लॉन्ड्रीची नोटीस तिथल्या तिथे रद्द केली. ताईचा हात पदरावरून सुटला आणि तिने इतक्या दिवसांचा अडकलेला श्वास सोडला. इस्त्रीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांत संशोधक बाईही होत्या. या वेळी चष्मेवाल्यांनीही विचारपूर्वक टाळ्या वाजवल्या. होडी दर महिन्याला तळ्याचं पाणी मोजत राहील, असं साहेबांनी जाहीर केलं. ती कुठल्या कलमाखाली, असं कारकुनाने हळूच विचारलं, तेव्हा साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुस्तक पिशवीत टाकलं. पाइप तोडून नवी जोडणी होईपर्यंत बिल्डिंगमध्ये एकही मशीन लावायचं नाही, असा हुकूमही त्यांनी सोडला.

हुकूम सोडणं सोपं असतं, पण अंगावरचे कपडे मळायचे थांबत नाहीत. त्या आठवड्याच्या शेवटी ताईच्या लॉन्ड्रीपुढे रांग लागली. कुत्र्यावाल्या काकू होत्या, कप्तान होते, आणि मोठ्या गाठोड्यामागे तोंड लपवून सेक्रेटरी होते. ताईने कोणाला एका शब्दाने टोचलं नाही. गाठोडी उघडायची, मोजायची, पावती द्यायची आणि "पुढचे" म्हणायचं. सेक्रेटरी काहीतरी बोलू पाहत होते. तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटून बघितली आणि म्हणाली, "निघेल हा डाग. काळजी करू नका."

चष्मेवाले आपलं गाठोडं घेऊन सरळ काउंटरपाशी गेले. विजयी वीराने रांगेत काय उभं राहायचं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

"रांग आहे," ताई मान वर न करता म्हणाली.

"ताई, मी आहे."

"दिसतंय. मागे जा."

चष्मेवाले गेले. गाठोडं पायाशी ठेवून ते रांगेच्या अगदी शेवटी उभे राहिले. एवढं करून ही किंमत, असं त्यांना क्षणभर वाटलंच. दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं. पण शेडमध्ये सगळी यंत्रं घरघरत होती, इस्त्र्यांची वाफ बाहेर येत होती, आणि कुलूप कुठेच नव्हतं. त्यांना आतून भरून आलं.

तेवढ्यात एका हॉटेलचा नवा माणूस चादरी घेऊन आला आणि एवढी गर्दी कशाची, म्हणून काउंटरवर विचारू लागला. ताईने पावती फाडली आणि हात लांब करून रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं.

"तो शेवटचा दिसतो ना, चष्मा घातलेला," ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तो माझा भाऊ आहे."